आपापला डबा

आमच्या जांभूळपुऱ्यात कुठलीही गोष्ट आधी पन्नास-साठ वर्षं खाल्ली जाते आणि मग तिचा महोत्सव होतो. पाटोडी-डबलचा महोत्सव यंदाच्या जानेवारीत झाला. त्याच्या स्मरणिकेत पान नऊवर माझा लेख आहे, खाली माझं नाव आहे, आणि त्यातलं एक वाक्यही खरं नाही. शुद्धलेखन मात्र निर्दोष आहे. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर माणसाला तेवढं तरी यायला हवं.

ज्यांनी हा पदार्थ खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते. डबल म्हणजे डबलरोटी. दोन स्लाइस, मधे बेसनाच्या तळलेल्या पाटोडीचे दोन तुकडे, बारीक कांदा, मूठभर सांबार आणि वरून पळीभर तर्री. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बाहेरच्यांनी उगाच इडली शोधू नये. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं ते लालभडक तेल, जे पाहून डॉक्टर मान हलवतात आणि मग हळूच विचारतात, कुठं मिळते. हा डबल बसून खाता येत नाही. कमरेत वाकून, तोंड नालीकडे करून खावा लागतो, नाहीतर शर्ट गेला समजा. आणि तो मिळतो एकाच ठिकाणी, बागेच्या कोपऱ्यावर, बायजाबाईच्या गाडीवर. बायजाबाई आता एकोणऐंशीची आहे. गुडघे गेल्यापासून गाडी तिची नात उन्नती बघते, पण तर्री अजून आजीच्याच हातची.

यंदा आमचा रस्ता सिमेंटचा होऊ घातला. तसं नागपुरात जे काही हलत नाही त्याच्यावर सिमेंट पडतंच, पण आमच्या रस्त्याबरोबर नालीही बंदिस्त होणार होती आणि कोपऱ्यावरच्या सगळ्या गाड्या उठणार होत्या. चहावाला उठला, पंक्चरवाला उठला, दोन भाजीवाल्या उठल्या. बायजाबाईला मार्चपर्यंतची मुदत होती. उन्नतीनं बुटीबोरीच्या कापड कारखान्यातली नोकरी सोडून ही गाडी धरली होती. गाडी गेली तर दोघींनी कुठं जायचं?

तेवढ्यात चव-वारसा न्यास नावाची एक संस्था उगवली. शहरातल्या ज्या मोहल्ल्याकडे स्वतःचा पदार्थ आहे आणि त्या पदार्थाची स्वतःची प्रथा आहे, त्यानं महोत्सव भरवून ते सिद्ध करायचं. सिद्ध झालं की न्यास तो पदार्थ बनवणाऱ्याला बागेच्या भिंतीला लागून पक्का ओटा बांधून देणार. नळ, वीज, शटर, सगळं. उन्नतीनं ते पत्रक माझ्याकडे आणलं, मी मारोतरावांकडे नेलं, आणि तिथून ते आमच्या कोणाच्याच हातात राहिलं नाही.

मारोतरावांचं हार्डवेअरचं दुकान आहे. वॉर्डाचं तिकीट मिळेल या आशेवर गेली तीन वर्षं ते पांढरे कपडे घालून खिळे विकतात. त्यांनी त्याच संध्याकाळी समिती केली. अध्यक्ष ते. आयोजक त्यांचा भाचा हर्षित, ज्याचं रामदासपेठेत इव्हेंटचं ऑफिस आहे. पर्यावरण विभाग शामलाकडे. शामला माझी बालमैत्रीण, गच्चीवर चार टोमॅटो लावल्यापासून पृथ्वीचा भार तिच्या खांद्यावर आला आहे. आणि लेखन विभाग माझ्याकडे. बायजाबाईला समितीत घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, हे लिहून ठेवते.

पहिल्या बैठकीतच न्यासाच्या फॉर्मवर गाडी अडली. प्रश्न सातवा: या पदार्थाच्या सेवनाशी निगडित, अन्यत्र न आढळणारी पारंपरिक प्रथा.

"वाकून खातेत," मारोतराव म्हणाले.

"वो तो पूरा नागपूर वाकून खाता है, मामाजी," हर्षित म्हणाला. "कुछ यूनिक चाहिये."

बराच वेळ सगळ्यांनी चिवडा खाल्ला. मग शामला म्हणाली, "एक होतं. आमच्या लहानपणी वरच्या गल्लीतलं प्रत्येक घर आपापला डबा नेत होतं. पितळेचा, कडीचा. बायजाबाईची प्लेट आमच्यापैकी कोणी कधी वापरली नाही."

हे तिनं अगदी भोळेपणानं सांगितलं. माझ्या हातातला चिवडा हातातच राहिला.

हर्षित मात्र खुर्चीतून उठला. "मावशी, आप समझ रही हो आपने क्या बोला? झिरो वेस्ट! साठ साल पहले झिरो वेस्ट! अमेरिकेत आता सुरू झालं हे."

"आपले पूर्वज पोहोचलेले होते बाप्पा," मारोतराव म्हणाले, आणि सातव्या प्रश्नासमोर 'आपापला डबा' असं लिहूनही टाकलं.

मी शामलाला विचारलं, "शामला, आपण डबा काहून नेत होतो वं?"

"काहून म्हणजे? स्वच्छता."

"कोणाची?"

"तुले नं मधू, प्रत्येक गोष्टीत खुसपट काढाची सवय आहे," ती म्हणाली.

आता डबा काहून नेत होतो ते सांगते. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि बायजाबाई बावीस-तेवीसची. तिच्या घरच्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती, पण आमच्या वरच्या गल्लीनं घेतली नव्हती, त्यामुळे आमच्यासाठी खालची वस्ती होती तिथंच होती. डबल मात्र आम्हाला हवा होता. माझे वडील त्याच्यासाठी जीव टाकायचे. म्हणून आईनं शास्त्र काढलं होतं. ब्रेड बेकरीतला, त्याला दोष नाही. पाटोडी तळलेली, तेलात तळलेल्याला विटाळ नाही. तर्री म्हणजे तर तेलच. राहता राहिली प्लेट, तर तिच्या प्लेटीला हात लावायचा नाही. आपला डबा न्यायचा, गाडीपुढच्या दगडावर ठेवायचा, चार पावलं मागं व्हायचं. ती येणार, वरून टाकणार, ती मागं झाली की मग डबा उचलायचा. घरी आल्यावर डबा स्वयंपाकघरात जायचा नाही, वडील ओसरीत बसून त्यातूनच खायचे, आणि नंतर तो राखेनं घासून नहाणीपाशी पालथा पडायचा. आमच्या शास्त्रात पोटाला विटाळ नव्हता. फक्त भांड्याला होता.

मी तिला "ए बायजा" म्हणायचे. ती मला "मधूताई" म्हणायची. आठ वर्षांच्या पोरीला.

हे सगळं मला स्वच्छ आठवत होतं आणि तरीही मी लेख लिहिला. कारण सांगायचं तर सोपं आहे, सातव्या प्रश्नाला उत्तर नसतं तर ओटा गेला असता. पण एवढंच कारण होतं असं म्हटलं तर तेही खोटं होईल. मारोतरावांच्या दुकानात बसून "माझ्या आईनं असं असं केलं" म्हणायची माझी हिंमत नव्हती. खोटं लिहायला बसले तेव्हा लेखणी अशी धावली म्हणता. 'जांभूळपुऱ्यातील सुजाण गृहिणींनी निसर्गाचे भान राखत आपापल्या घरून भांडे नेण्याचा प्रघात पाडला.' एका बैठकीत चार पानं. हर्षितनं ती वाचली आणि म्हणाला, रोंगटे खडे हो गये.

फॉर्मवर बायजाबाईची सही हवी होती. तेव्हा समितीला ती आठवली, आणि मला पाठवण्यात आलं.

दुपारची वेळ होती. गाडीवर गिऱ्हाईक नव्हतं. बायजाबाई स्टुलावर बसून कांदा चिरत होती, उन्नती पाटोड्या तळत होती. मी सही मागितली तर बायजाबाई म्हणाली, "काय लिवलं ते वाचून दाखवा आधी." मी वाचलं. माझा वाचायचा आवाज चांगला आहे, शाळेच्या मागच्या बाकापर्यंत जायचा. त्या दिवशी तो कांद्यापर्यंतसुद्धा धड गेला नाही.

"सुजाण म्हंजे?" तिनं मधेच विचारलं.

"समजदार."

"तुमची माय."

"हो."

तिनं आणखी एक कांदा घेतला. "हे तुमीच लिवलं?"

"मीच."

"अन् तुमाले याद नाही का?"

"आहे," मी म्हटलं. "सगळं याद आहे."

"मंग?"

उन्नती झारा कढईत टाकून वळली. ती सव्वीस वर्षांची पोरगी, तिला हे काहीच माहीत नव्हतं असं नाही, तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. "आजी, मले काही नोको सांगू," ती म्हणाली. "मले माहीत हाये यायनं काय केलं ते. पण मार्चमंधी गाडी उठून राहिली. यायले खोटं बोलून ओटा द्यायचा असन तं देऊ दे. खोटं यायचं, ओटा आपला."

"मी कुठं नाही म्हणून राहिली?" बायजाबाई म्हणाली. तिनं हात पुसले आणि माझ्या पेननं सही केली, सावकाश, पूर्ण नावानं. "पाहा मॅडम, त्या दिवशी मी एक शब्द बोलणार नाही. साठ वर्षं नाही बोलली, अजून एक संध्याकाळ. पण मले माइक देऊ नोका."

"आणि ते प्रात्यक्षिक? न्यासाचे लोक प्रथा करून दाखवा म्हणतात."

"ते करन. मले येते."

मी सुटल्यासारखी घरी आले. त्या सुटण्याची मला आजही लाज वाटते.

महोत्सव अठरा जानेवारीला झाला. व्यासपीठ बरोबर बागेच्या कोपऱ्यावर उभारलं, म्हणजे बायजाबाईच्या गाडीच्या जागेवर, आणि गाडी ढकलून जनरेटरच्या मागे नेली. ज्या डबलचा महोत्सव, तो डबल कुठं मिळतो असं लोक पोलिसाला विचारत होते. पुढच्या बाजूला स्टॉल लागले होते: चीज डबल, चॉकलेट डबल, डाएट डबल, आणि 'ऑरेंज सिटी स्पेशल' म्हणून संत्र्याच्या फोडी घातलेला डबल. तो खाऊन एका गृहस्थांनी कॅमेऱ्यासमोर, नागपूरकर असल्याचा अभिमान वाटतो, असं सांगितलं आणि उरलेला नालीत टाकला. नाली तेवढी त्या दिवशी परंपरेनुसार उघडी होती.

'आपापला डबा' ही महोत्सवाची घोषणा होती, पण लोक आपापला डबा आणतील यावर मारोतरावांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी तीनशे स्टीलचे डबे वाटायला ठेवले होते. झाकणावर त्यांचा हात जोडलेला फोटो. प्रत्येक डबा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खोक्यात, खोक्यावर पुन्हा चमकीचा कागद. संध्याकाळपर्यंत झिरो वेस्टचा ढीग बागेच्या फाटकाएवढा झाला. शामला त्याच्याशेजारी उभी राहून शाळकरी मुलांना वसुंधरेची शपथ देत होती.

सात वाजता प्रमुख पाहुणे आले, न्यासाचे विश्वस्त रुपराव. गृहस्थ साधे होते, पुण्याहून नागपुरात येऊन स्थायिक झालेले, आमच्या मोहल्ल्याबद्दल त्यांना स्मरणिकेतल्या पान नऊएवढीच माहिती होती. म्हणजे माझ्याएवढीच खोटी. भाषणं झाली. मारोतराव आपल्या बालपणीच्या डब्याबद्दल बोलले. त्यांचे वडील साठच्या दशकात भंडाऱ्याला होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी काही म्हटलं नाही. मग हर्षितनं माइकवर मला बोलावलं. लेख वाचायचा होता.

पायऱ्या चढताना माझ्या डोक्यात एक विचार नक्की आला होता. कागद बाजूला ठेवायचा आणि खरं सांगायचं. व्यासपीठावर एका टोकाला खुर्चीत बायजाबाई बसली होती, पांढरं पातळ, मोठ्या काठाचं. खाली पहिल्या रांगेत उन्नती होती. रुपरावांसमोर टेबलावर ओट्याचं पत्र होतं, फ्रेम करून. मी खरं बोलले असते तर टाळ्या मला पडल्या असत्या आणि ओटा त्यांचा गेला असता. मी लेख वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, कुठंही न अडखळता. या वेळी आवाज पार बागेच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला.

मग प्रात्यक्षिक. उन्नतीनं तर्रीचं पातेलं वर आणलं. रुपराव हौसेनं डबा घेऊन बायजाबाईसमोर गेले आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरून पुढं केला. बायजाबाईनं मान हलवली. पळीनं खाली दाखवलं.

रुपरावांना कळेना. हर्षितनं टेबल पुढं सरकवलं. तिनं पुन्हा मान हलवली. पळी जमिनीकडे.

"नीचे, सर, नीचे रखना है," हर्षित कुजबुजला. रुपरावांनी वाकून डबा जमिनीवर ठेवला आणि तिथंच हसत उभे राहिले. बायजाबाईनं पळी हलवली, मागं. ते एक पाऊल मागं झाले. अजून. अजून. चौथ्या पावलाला ती थांबली. मग ती उठली, गुडघ्यांवर हात देत पुढं आली, दोन स्लाइस वरून सोडले, पाटोडी सोडली, आणि कमरेएवढ्या उंचीवरून तर्रीची धार धरली. एक थेंब बाहेर पडला नाही. साठ वर्षांनंतरही नाही. मग ती आपणहून चार पावलं मागं झाली आणि पदर सावरून उभी राहिली. तोंडातून एक शब्द नाही. दिलेला शब्द तिनं पाळला होता.

वरच्या गल्लीतल्या, साठी उलटलेल्या आम्ही सात-आठ बायका तिथं होतो. प्रत्येकीला सगळं आठवलं, हे मी त्यांच्या माना बघून सांगू शकते. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो.

आणि मग टाळ्या पडल्या. कडाडून. हर्षित माइकवर ओरडत होता, "ओरिजिनल स्टाइल! फोर स्टेप्स बॅक!" रुपरावांनी डबा उचलून कपाळाला लावला आणि म्हणाले की अन्नापुढे माणसानं चार पावलं मागं व्हावं, ही नम्रता आज कुठं उरली आहे. लोक खुर्च्यांवरून उठले. डबे घेऊन रांग लागली. डबा ठेवायचा, चार पावलं मागं, हात जोडायचे, सेल्फी. काही जण चार पावलं मोजताना मागच्याच्या पायावर पडत होते.

शामला माझ्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. "मधू," ती म्हणाली, "असंच होतं नं वं?"

"हाव."

तिनं रांगेकडे पाहिलं. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "कोणाले समजलं नाही."

पत्र उन्नतीच्या हातात पडलं. ओटा महिन्याभरात उभा राहिला, नळ, वीज, शटर, सगळं. फक्त न्यासाची एक अट होती, प्रथेची पाटी दर्शनी भागात हवी. हर्षितचा फोन आला, "मॅडम, दो लाइन लिख दो ना." मी दिल्या. काय करणार, लेखन विभाग माझ्याकडे. 'ग्राहकांनी आपापला डबा पायरीवर ठेवून चार पावले मागे उभे राहावे. संशोधन व लेखन: मधुवंती.' काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं. निवडणुकीनंतर नावं पुसली जातात, दगडावरची नाही जात.

मी महिनाभर तिकडे फिरकले नाही. गच्चीवरून रांग दिसायची. गंमत अशी की चहाच्या वेळी येणारे रिक्षावाले, शिकवणीची पोरं, सिमेंटचं काम करणारे मजूर, हे सगळे आधीसारखेच ओट्याला टेकून उभे असत. त्यांना बायजाबाई हातानं प्लेट देई, वर कांदा वाढे, पोरांच्या पाठीत धपाटाही घाली. डब्याची रांग वेगळी होती आणि त्यात सगळी वरची गल्ली होती. ते लोक रोज येऊन, स्वतःच्या हातानं डबा खाली ठेवून, चार पावलं मागं होत होते. बायजाबाई रोज वरून टाकत होती. सगळे खूश होते.

मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी मी गेले. रिकाम्या हातानं. रिक्षावाल्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. डब्याच्या रांगेत मारोतराव होते, शामला होती, आणखी दहा-बारा ओळखीचे.

"बायजाबाई," मी म्हटलं, "मला प्लेटीत द्या."

तिनं वर पाहिलं. "तुमचा डबा?"

"नाही आणला."

"मंग घरून घेऊन या. मी थांबते."

"मला डब्यात नको. यांना देता तसं द्या, हातात."

"प्रथा हाये, मॅडम," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी कामाच्या आवाजात. तिनं पळीनं पाटी दाखवली. "तुमीच लिवली."

तेव्हा मी रांगेकडे वळले आणि बोलले. वर्गात बोलायचे तशी बोलले. डबा कोणी नेला, काहून नेला, दगडावर काहून ठेवला, माझी आई काय म्हणायची, डबा घरी आल्यावर कुठं पालथा पडायचा. ओटा उन्नतीच्या नावावर झालेला होता, आता कोणी काढून घेऊ शकत नव्हतं, म्हणजे बोलायला मला काही किंमत पडत नव्हती, हेही मला कळत होतं. तरी बोलले. "त्या डब्यात पर्यावरण नव्हतं," मी म्हटलं. "विटाळ होता. आणि लेख खोटा आहे. मी खोटा लिहिला."

रांग उभी होती. मारोतराव डोकं खाजवत म्हणाले, "पण मॅडम, ते तं छापून आलं नं."

"खोटं छापलं."

"दगडावर बी लिहिलं."

"तेही खोटं."

त्यांनी थोडा विचार केला. मागं पाहिलं, पुढं पाहिलं. "बरं, ते ठीक आहे," ते म्हणाले. "मंग आता डबा ठेवाचा का नाही?"

प्रश्न त्यांनी मला विचारला, पण सगळे बायजाबाईकडे बघत होते. ती कांदा चिरत होती. "ठेवा," ती म्हणाली. "पाटी लागली हाये."

मारोतरावांनी डबा पायरीवर ठेवला आणि मोजून चार पावलं मागं झाले. त्यांच्यामागं पुढचा सरकला. शामलानं मात्र डबा पदराखाली घेतला आणि ती काही न घेता घराकडे निघून गेली. त्या सगळ्या रांगेतून ती एकटी गेली.

मी तिथंच होते. उन्नतीनं माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. बायजाबाईनं एक प्लेट घेतली. स्टीलची, रिक्षावाल्यांना देते तीच. दोन स्लाइस, पाटोडी, कांदा, सांबार, वर भरपूर तर्री. मी हात पुढं केला. माझा हात दिसत असताना तिनं ती प्लेट पायरीवर ठेवली, डब्यांच्या रांगेशेजारी, आणि मागं झाली. एक, दोन, तीन, चार.

मला वाटलं होतं की एवढं बोलल्यावर ती प्लेट माझ्या हातात देईल. मी त्याच आशेनं बोलले होते, हे मला हात हवेत राहिला तेव्हा कळलं. आठ वर्षांची असताना मी डबा ठेवून मागं सरकायचे, तेव्हा समोरच्या तरुण बाईचा हात असाच कुठंतरी हवेत राहत असेल, याचा विचार मी एवढ्या वर्षांत एकदाही केला नव्हता. ती माझ्याकडे बघत उभी होती. तिला घाई नव्हती.

मागून कोणीतरी म्हणालं, मॅडम, लवकर, लाइन आहे. मी वाकले आणि प्लेट उचलली.